हातचा एक

पाकिटावर तुझं नाव नसे, नुसता सहा आकडी क्रमांक
आणि पुसट शिक्का : वॉल्विस बे.
मी विंडहुकला, गॅरेजवरच्या खोलीत,
निवृत्त, गुडघ्यानं अधू,
पाकिटामागे ठरावीक पैसे घेऊन गणितं तपासणारा.

पहिल्या वहीला माशांचा वास होता.
तिसऱ्या पानावर एक खवला, वाळून काचेसारखा.
मी शेरा मारला : कागद स्वच्छ ठेवावेत.
त्या शेऱ्याची आज लाज वाटते,
पण लाल शाई परत बाटलीत जात नाही.

प्रश्न चौथा. एका खोक्यात चोवीस डबे, तर पंधरा खोक्यांत किती?
तू समासात विचारलंस :
सर, आमच्या पट्ट्यावर खोक्यात अठ्ठेचाळीस बसतात. कुठलं धरू?
मी लिहिलं, पुस्तकातलं.
मग चहा करून आलो आणि ते खोडलं.
दोन्ही कर, दोन्हीचे गुण देईन.
(मंडळाला हे कळवलं नाही.)

बाकी तुझी चूक एकच, दर वेळी तीच.
सात नि आठ पंधरा, पाच मांडायचे,
आणि एक कुठे जाई कोण जाणे.
हातचा विसरलीस.
पुन्हा हातचा विसरलीस.
एप्रिलमध्ये तर मी दोनदा अधोरेखित केलं.

उत्तर आलं मेमध्ये, पाठकोऱ्या बाजूवर :
विसरत नाही सर. हात रिकामा नसतो.
डाव्यावर तो झोपतो, अकरा महिन्यांचा, खाली ठेवला की रडतो.
उजव्यानं लिहिते. वही धरायला कुणी नाही, ओळ सरकते.
शाळेनं काढलं नाही मला.
बाकात पोट मावेना, म्हणून मीच गेले नाही.
आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस,
कारखाना हातचा आहे.
तर सर, माझ्या हातचे आधीच दोन आहेत.
तिसरा कुठे मांडू?

चाळीस वर्षं मी फळ्यापाशी उभा होतो.
बाकावरचं एखादं मूल यायचं थांबलं
की हजेरीत फुली मारायची, पुढचं नाव घ्यायचं.
किती झाली, कधी मोजली नाहीत.
मी, गणिताचा मास्तर.

जूनमध्ये पाकीट नाही. जुलैत नाही. ऑगस्टात नाही.
छापील तक्त्यात शेवटचा रकाना गळतीचा.
तीन पाकिटं चुकली की तिथे खूण करावी, असा नियम.
हौदाच्या गणितातही हाच शब्द येतो.
तिथे निदान विचारतात, कुठून, किती वेगानं.
मी खूण केली. पेन्सिलीनं. बारीक.

सप्टेंबरात जाड पाकीट आलं, सगळं एकदम.
मासळीचा हंगाम होता, लिहिलंयस, रात्रपाळी लागली,
मग त्याला गोवर.
पैसे नव्हते हे लिहिलं नाहीस,
ते तिकिटं सांगत होती : चार निरनिराळी,
एक कुठूनतरी उखडून पुन्हा डकवलेलं.
सोबत परीक्षेचा अर्ज, माझ्या सहीसाठी.
तेव्हा कळलं नाव. तुयेनिकेलाओ हाइफेने.
रिकाम्या खोलीत मोठ्यानं वाचलं, दोनदा अडखळलो.

हौदाचं गणित चुकलंयस. तोट्या उलट धरल्यास.
दहापैकी चार. जास्त देता येत नाहीत, मागू नकोस.
पण बेरजांमध्ये, प्रत्येक रांगेच्या डोक्यावर,
इवलासा एक,
आणि सहाव्या गणितात त्याच्या शेजारी
निळ्या शाईत बुडालेली
दुसऱ्याच कुणाची
पाच बोटं.

खोडरबर सापडेना.
रकान्यातली खूण अंगठ्यानं पुसली, डाग राहिला.
टपाल चारला बंद होतं.
निघतो.