पाच छेद अठरा

नंदनवनात, पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत
गेली नऊ वर्षं मी हेच सांगतो आहे :
ताशी किलोमीटर दिसले की पाचाने गुणा, अठराने भागा,
एककं जुळली नाहीत तर गाडी सुटली समजा.

फळ्यावर गाडी. दोनशे चाळीस मीटर लांब,
वेग ताशी बहात्तर. खांब ओलांडायला वेळ किती?
बाकांवर तेवीस जण, सगळे पोलीस भरतीचे.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता आवाज.
संघमित्रा नगराळे हात वर न करताच बोलते :
"बारा सेकंद. पण सर, खांबाले बारा सेकंद लागते,
तर कळमन्याच्या फाटकावर मी वीस-वीस मिनिटं
काऊन उभी राहू?"

वर्ग हसला. मीही.
मग खडू हातात धरून
खरंच विचार करत राहिलो.
पुस्तकातल्या गाड्यांना सिग्नल नसतो,
मालगाडी पुढे काढायला त्यांना कोणी बाजूला घेत नाही,
त्यांच्यातून कुणी उतरत नाही, डबा विसरत नाही.
रेल्वेची परीक्षा मी तीनदा दिली,
शेवटची गेली दीड गुणाने.
त्या दीड गुणाचं रूपांतर कुठल्या एककात करायचं
ते अजून जमलेलं नाही.

रविवारी पहाटे मैदानावर घड्याळ माझ्याकडे.
आठशे मीटर. तीन मिनिटं वीस.
गुडघ्यांवर हात, धाप लागलेली, तरी हिशोब तिचाच :
"दोनशे सेकंद... म्हणजे सेकंदाले चार मीटर...
अठराने गुणा, पाचाने भागा... चौदा पूर्णांक चार.
बाप्पा! बाबाची ई-रिक्षा भरली का इतकीच पयते."

अजून दहा सेकंद तोडायचेत, मी म्हणतो.
"दहा म्हणजे किती, सर?"
"चाळीस मीटर."

ती वळते. रेघेपासून उलटी,
पावलं मोजत जाते, चिंचेपाशी थांबते,
खोडाला हात लावून उभी राहते.
घड्याळ एकशे नव्वदवर येईल तेव्हा ती तिथे,
अन् रेघ इथे, माझ्या चपलेपाशी.

"सेकंद दिसत नव्हते, सर," ती तिकडून ओरडते,
"हे दिसते."

मग बूट काढते. भावाचे आहेत,
पुढे चिंध्या कोंबलेल्या, सातला त्याला परत हवेत.
हँडलला लेस अडकवून
सायकल दामटते अनवाणी,
फाटक पडायच्या आत.