समवर्ती सूची

अजमानच्या इंडस्ट्रियल भागात, खोली नंबर चौदा.
चार खाटा, एक एसी, एक रिमोट.
रिमोटवरून वाजलं त्या रात्री
झरवली म्हणाला, मतदान घ्या.
मानबीर ऐर म्हणाला, कुठल्या पद्धतीनं?

कारण त्याच्या सुदूरपश्चिम प्रदेशात
एका माणसाला दोन मतपत्रिका मिळतात,
एक उमेदवारासाठी, एक पक्षासाठी.
बत्तीस जण पहिल्या कागदावरून सभेत येतात,
एकवीस दुसऱ्यावरून.
"पहिल्यात हरलो तरी दुसऱ्यात थोडा उरतो मी,"
म्हणाला, आणि डाळीला जिंबूची फोडणी दिली.

झरवली स्वातचा. क्रेन चालवतो,
त्यामुळे वरून बोलायची सवय.
"आमच्या प्रांताच्या सभेत एकशे पंचेचाळीस.
त्यातल्या सव्वीस खुर्च्या बायकांच्या,
ज्या पक्षाच्या जागा जास्त, त्याला जास्त."
मग थांबला. तव्यावरची रोटी उलटली.
"माझ्या आईचं बोट मात्र कधी काळं झालं नाही.
केंद्र होतं नदीपलीकडच्या शाळेत.
पूल होता.
पण जिरग्यात ठरलं होतं."

मी संगमेश्वरचा. माझी सभागृहं दोन,
हे सांगताना उगाच छाती फुगली.
खालचं दोनशे अठ्ठ्याऐंशींचं, थेट मतांचं.
वरचं अठ्ठ्याहत्तरांचं, ते कधी विसर्जित होत नाही.
तिथे सात शिक्षकांचे, सात पदवीधरांचे,
काही झेडपी-नगरपालिकांतून, काही आमदारांनीच निवडलेले,
आणि बारा राज्यपालांच्या सहीचे.
मी बी.कॉम., सेकंड क्लास.
कोकण पदवीधर मतदारसंघाचा अर्ज भरलाय,
पोच ट्रंकेत आहे, पीएफच्या कागदाखाली.
इथे केबल ओढतो.
केबल काही विचारत नाही.

नवा पोरगा मोफिझुल, वरच्या खाटेवरून:
"प्रांत म्हणजे काय?"
त्याच्या देशात एकच मोठं सभागृह, ढाक्यात.
आम्ही तिघं हसलो,
मग समजावताना तिघंही अडलो.

शेवटी मी खोलीवरून सांगितलं.
एसी केंद्राचा विषय.
आपापली खाट, पडदा, खाटेखालची ट्रंक, राज्याचे.
कांदे, तेल, मोरी धुण्याची पाळी, समवर्ती सूचीत,
दोघांनी वेगवेगळा कायदा केला तर केंद्राचा चालतो.
पोरगा म्हणाला, "केंद्र कोण?"

कॅम्पचा मंदूब राशिद दर मंगळवारी येतो,
व्हिसासाठी फोटो नेतो, अंगठे नेतो.
मंदूब म्हणजे अरबीत प्रतिनिधी.
सात अमिरातींचा हा देश; राष्ट्रीय परिषदेत
अजमानच्या वाट्याला चार खुर्च्या,
परिषदेच्या अर्ध्याच जागांना मतदान,
आणि मतदारांची यादी राज्यकर्ते करतात.
"गेल्या खेपेला माझं नाव होतं," राशिद एकदा म्हणालेला,
"गाडीतून फोनवरच दिलं मत."
आम्ही विचारलं नव्हतं.
मला समोरासमोर भेटलेला हा एकच प्रतिनिधी.

वीस नोव्हेंबरला मंदाकिनीनं फोटो पाठवला,
शाईचं बोट, मागे आमच्या शाळेचं फाटक.
खाली मजकूर:
"तुमचं नाव आहे यादीत, अनुक्रमांक सहाशे बारा,
फोटोत मिशी आहे.
एजंटनं तीनदा विचारलं, येणार का?"
तिकीट अकराशे दिरहम.
टपालानं सैनिकांचं जातं. आमचं जात नाही.

मी फोन उलटा ठेवला
आणि सिमेंटच्या पोत्याच्या कागदाच्या
चार चिठ्ठ्या फाडल्या.

मोजणी मानबीरनं केली, दोनदा, कायद्यानं.
मोफिझुल तीन.
(त्यातली एक त्याची स्वतःची, हसून कबूल केलं.)
ज्याला प्रांतच नाही, त्याच्याकडे रिमोट,
हे सगळ्यांना पटलं.
चौथी कोरी.
ती माझी.
मी खरंच विचार करत राहिलो
आणि वेळ संपली.

पोरानं बाविसावर लावला.
रात्री दोनला थंडी वाजली,
पांघरूण ओढून घेतलं.
पुढची निवडणूक कधी,
हे ठरवायचं राहूनच गेलंय.