ठिपके

मोरगिरीच्याही वर,
जिथून एसटी वळून पाटणला परत फिरते,
तिथून पुढं माझं उपकेंद्र चालतं, माझ्याच पायांवर.

मार्चात पहिला ताप. फुलाबाई येडगे, वय चाळीस.
मग तिची जाऊ. मग झोऱ्यांची सून.
मलेरियाची काचपट्टी कोरी. डेंग्यू नाही.
पाण्यात टीसीएल टाकलं, धूर केला.
ताप धुराकडं बघायलासुद्धा आला नाही.

झुंबर सातवीत. तळहातांवर लाल ठिपके.
गुरुजी म्हणाले, लग्नातली मेंदी उतरत असेल.
लग्न कुठलं? यंदा धनगरवाड्यावर एकही मांडव नव्हता.

साताऱ्याहून साहेब आले, नकाशा घेऊन.
मी लाल पेनानं अकरा ठिपके दिले.
ते विहिरीभोवती बसेनात, रस्त्याला धरून जाईनात.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
मागून धोंडू कोकऱ्यानं मान वाकडी करून पाहिलं:
ही तर आमच्या शेरडांची वाट.
कारवीतून वर, पाणवठ्याला वळसा, परत वाड्याला.

मग पुरुषांना का नाही? शेरडं तर तेच वळतात.

फॉर्मात हे नव्हतं.
नाव, वय, पाणी कुठलं, शौचालय आहे का...
दिवेलागणीला फुलाबाईच्या अंगणात बसले, तेव्हा दिसलं.
शेरडू मांडीत, कान उलटा,
फुगलेली गोचीड, वाटाण्याएवढी,
चिमटीत धरून ओढायची
आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर उजव्याचं नख.
टच्.
बोलता बोलता वीस मारते ती.
त्याच हातानं पदर, त्याच हातानं डोळा,
त्याच हातानं भाकरी.
"ह्ये काय काम हाय व्हय?"
काम नाही, म्हणून कुठल्याच रकान्यात नाही.

अकरांत नऊ बायका. उरले दोघं:
एक म्हातारा, ज्याला घरानं आता एवढंच सोपवलंय,
आणि गुरुजींचा मुलगा, ज्याचं कुत्रं त्याच्याच अंथरुणात झोपतं.

मी पट्टी घेतली. शौचालयापुढं एक रेघ ओढली,
वर लिहिलं: गोचीड कोण काढतं?
साहेब म्हणाले, छापील फॉर्मवर असं चालत नाही.
पण मोबाईलवर फोटो घेतला.

झुंबर बरी झाली. डॉक्सीच्या गोळ्या, सात दिवस.
काल भेटली. तळहात पुढं केले, स्वच्छ.
मी उलटे करायला सांगितले.
डाव्या अंगठ्याच्या नखाशी
सुकून काळी पडलेली बारीक कोर.

दोघी काहीच बोललो नाही.
पिशवीत एकच चिमटा होता. तो दिला.