विरजण

वाचनालयातला कम्प्युटर जुना, म्हणून लिनक्स.
पहिलं सॉफ्टवेअर उघडता उघडता
पडद्यालाच झोप लागली.
दुसऱ्यानं पोर्ट विचारला.
मला सिंदेवाहीचा बस स्टँड माहीत,
पोर्ट कुठला सांगू?
तिसरं साधं: एक खिडकी, एक हिरवी रेघ.
तेच ठेवलं.

त्यात टाकली शालिकमामाची दंडार,
कॅसेटवरून उतरवलेली,
गणाच्या मध्येच कुत्रं भुंकतं ती.
चार महिने कोणी घेतली नाही.
मग एका रात्री कोणीतरी,
नाव नाही, नुसता आकड्यांचा पत्ता,
थेंब थेंब ओढू लागलं.
सत्त्याण्णव टक्क्यांवर लाइन गेली.
आली, तर ते तिथंच, वाट पाहत.
पहाटे पूर्ण.

मंडई झाली आणि डिस्क बसली.
मामा त्याच्या आधीच गेले होते.

आई म्हणे,
"आपलं दही नासलं होतं नं,
तवा कौतिकाच्या घरून विरजण आनलं.
थे आपलंच होतं."

नवी डिस्क. वहीत पेनानं उतरवलेली
चाळीस अक्षरं, एकेक करून टाइप केली.
दोनदा चुकलो.

एक जण. अजून चालू.

रेघ सरकत राहिली,
आणि कुत्रं भुंकलं.