उणे एक

सूर नावाच्या या गावात रात्री अडीचला कुणी गात नाही.
पंप तेवढे एका पट्टीत लागलेले.
समुद्र एका बाजूने आत येतो, गोडं पाणी ठेवून
आणखी खारट होऊन निघून जातो,
आणि दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी मीटर वाचून
मिठाचा आकडा दाबतं.
तो आकडा फाइलीत नेमक्या जागी बसवायचा,
एवढंच माझ्या प्रोग्रामचं काम.

मार्चात शफीकुलच्या पाळीत अकरा शून्यं निघाली.
अकरा गुणिले पंधरा. पावणेतीन तास झोपला, असं ठरलं.
तो म्हणत राहिला, दाबले साहेब, एकेक दाबला,
आणि बोट पुढे करून दाखवत होता,
जणू मतदानाची शाई असावी त्यावर.
खमीस अल-अलवी माझ्याकडे वळला: मशीन चुकेल का?
मी म्हणालो, मशीन कसं चुकेल.
कहवा छान झाला होता, वेलची जरा जास्त.
शफीकुलला दुक्मला धाडलं, वेल्डरांच्या हाताखाली.

आज मे महिना. वीज गेली, आली,
आणि कंट्रोलरचं घड्याळ १९७० दाखवायला लागलं.
त्याचा सेल कधीचा मेलाय.
आताची वेळ वजा प्लांट सुरू झाल्याची वेळ,
त्यावरून किती सरकायचं ते ठरतं.
उत्तर आलं उणे.
म्हणजे फाइलीला सांगितलं गेलं, सुरुवातीच्याही आधी जा.

शेवटाच्या पलीकडे जा म्हटलं तर ती जाते.
कुरकुर नाही. पुढे काही लिहिलं की
मधल्या पोकळीत शून्यं दिसतात, बस्स.
पण सुरुवातीच्या आधी काहीच नाही, तिथे ती पाय रोवते
आणि उलट निरोप देते: उणे एक.
का, ते विचारलं तर तेही सांगते,
बावीस क्रमांकाचं कारण.

विचारलं तर.

सहा वर्षांपूर्वी, याच खुर्चीत, जेवायला उशीर होत होता म्हणून
मी गृहीत धरलं की सरक म्हटलं की सरकणारच.
खालच्याच ओळीत लिहायला लावलं.
नकार आला, कुणी ऐकला नाही,
खूण होती तिथेच उभी आणि लेखणी चालू.

फाइल अगदी वरून उघडली.
पहिली रात्र, फीत कापली ती,
पेढे नव्हते म्हणून खजूर वाटले होते ती.
तिचे आकडे आता कोण बघतं?
तिथे, त्या उद्घाटनाच्या पाण्यावर,
अकरा आकडे मार्चातले,
प्रत्येकापुढे पाळीवाल्याचा नंबर, ४१७.
एकही राहिलेला नाही. सातव्यात तर दशांशसुद्धा नीट.
बाराव्या वेळी कुणीतरी घड्याळ लावलं असणार,
खुणेने उडी मारली,
आणि अकरा शून्यं मागे राहिली त्याच्या नावावर.

दुरुस्ती चार ओळींची.
उणे एक आलं तर थांब. लिहू नकोस. घंटी वाजव.
कारण आधी बाजूला काढून ठेव,
दुसरी हाक मारशील तर तेही पुसलं जाईल.

खमीसला निरोप लिहिला: मशीन नाही, शफीकुल नाही, मी.
तीनदा क्रम बदलला.
पहिल्या खर्ड्यात मी कुठेतरी शेवटून दुसऱ्या वाक्यात होतो.

फाइलीत मागे जाता येतं. वाहत्या नळीत नाही;
तिथे नकाराचा क्रमांक वेगळा, एकोणतीस.
त्या बैठकीतलं माझं वाक्य नळीतलं.

सहा वाजता, उजाडल्यावर, दुक्मचा नंबर फिरवला.
चौथ्यांदा उचलला गेला.
कोण?
मी नाव सांगितलं. काय सापडलं ते सांगितलं.
पलीकडे लोखंड कापल्याचा आवाज, मग तोही बंद.

पुढचं वाक्य तयार होतं माझ्याकडे.
ते तसंच ठेवून
काय परत येतं याची वाट बघत मी फोन कानाशी धरून बसलो.