शब्द मोजणारी

आठ नंबरच्या बसमध्ये माझी जागा शेवटून दुसरी.
मुवेलेहच्या शाळेपासून अल नहदाच्या इमारतींपर्यंत
चाळीस मुलं, चाळीस पट्टे, हरवलेल्या बाटल्या,
आणि एक इस्रा. मूळची खार्तूमची, सात वर्षांची,
तिच्या तोंडाचा पट्टा कुठल्याच सीटला अडकत नाही.

तिचं अरबी मला कळत नाही, माझी मराठी तिला.
तरी ती सांगते आणि मी हं म्हणते,
राजापूरला म्हैस रेकली तरी मी अशीच हं म्हणायचे.

त्या दुपारी शारजा मातकट झालं होतं.
समोरचा सिग्नल दिसेना.
गुलरंग खानाने वायपर लावले, कोरडेच,
काचेवर वाळू खरवडत राहिले.

इस्रा बोलत होती.
गोदामांच्या रांगेपाशी सहा शब्द, मग श्वास.
पुलाखाली तीन, मग श्वास.
पेट्रोल पंपापाशी एक.
नंतर
नुसतं माझ्याकडे बघणं.

अर्थ कळत असता
तर मी अर्थातच गुंतले असते.
मला मोजता तेवढं येत होतं.

दोन्ही हात पुढच्या सीटवर, खांदे कानांपाशी, मान पुढे.
ही बैठक माझ्या ओळखीची.
आप्पा चिरेखाणीवरून आले की पडवीत असेच बसायचे,
हात गुडघ्यांवर, आणि दर श्वासाला
गळ्याखाली खड्डा पडायचा.
आई म्हणायची, दमलात, जरा आडवे व्हा.
आम्ही भावंडंही म्हणायचो, आडवे व्हा.
एका रात्री त्यांनी आमचं ऐकलं.

सातवीतला रुशील म्हणाला, आंटी, मागच्या सीटवर झोपवू या तिला.
नाही!
एवढ्या जोरात ओरडले की पहिलीतलं एक पोर रडायला लागलं.

बसू दे. वाकू दे. पट्टा सोड, कॉलरचं बटण सोड.
दप्तराचा पुढचा कप्पा, निळा पंप,
खळखळ हलवला, फुगीर नळीला लावला,
एक दाब, पाच श्वास.
परत एक. परत. परत.
शाळेने अर्धा दिवस शिकवलं होतं, रबरी बाहुलीवर.
बाहुलीचे डोळे असे नव्हते.

छातीतली शिट्टी थांबली.
गुलरंग आरशातून हसला, शुक्र है, म्हणाला.
मी तिच्या पाठीला कान लावला.
शिट्टी थांबली होती
कारण आत वाराच जाईनासा झाला होता.

सावळ्या कातडीवर निळं चटकन दिसत नाही,
खालचा ओठ उलटवून बघावा लागतो.
उलटवला.
जांभळाच्या सालीचा रंग.

नऊशे अठ्ठ्याण्णव, गुलरंगभाई, आत्ता, गाडी बाजूला घ्या,
दारं नको उघडू, बाहेर सगळी धूळ आहे.

दम धर, म्हणतो आपण.
तिला धरायला होता कुठे?
मी तळहात पाठीवर ठेवला, पंप पुन्हा नळीला लावला
आणि मोठ्याने मोजत गेले,
वाहिद, इथनेन, थलाथा,
मला दहापर्यंतच येतात,
दहा झाले की पुन्हा वाहिद,
आणि मागच्या सीटवरची पोरंही मोजायला लागली,
मल्याळममध्ये, उर्दूत, कुणी नुसतंच बोटांवर,
लाल दिवा मातीतून उगवेपर्यंत.

शुक्रवारी आईला फोन केला.
सगळं सांगितलं. ओठाचं, शिट्टीचं, मोजण्याचं.
आडवं होण्याचं तेवढं सोडून.

अकरा दिवसांनी इस्रा चढली.
पायरीवरूनच सुरू झाली.
मी पट्टा लावत होते आणि मोजत होते,
एकोणीस शब्द, एका दमात.
बहुतेक डब्याबद्दल काहीतरी असावं.
हं, म्हणाले.