पोकळ वासा

शनिवारी लीड्सच्या प्रयोगशाळेत
फक्त शीतकपाटांची घरघर
आणि मॉरीन ॲस्क्विथ.
नळ्यांवर पेनाने आकडे टाकते आहे,
चष्मा केसांत विसरून, डोळे बारीक करून.

नळीत पाण्यासारखं पाणी.
त्यात, डोळ्यांना न दिसणारी, कोट्यवधी घरं:
वीस त्रिकोण, बारा कोपरे,
साठदा तीच वीट, साठदा तोच सांधा,
ना खिळा ना चुना,
नुसता एकमेकांना धरून राहण्याचा हट्ट.
यीस्टच्या पेशींनी ती बांधली,
आंबूस वासाच्या एका टाकीत,
आणि आत कुणालाच ठेवलं नाही.
आत राहायचा तो भाडेकरू, एका धाग्याचा,
साडेसात हजार अक्षरांचा,
ज्याच्या एका भाऊबंदाने सत्तावन्न साली
डेस्मंडचा उजवा पाय वाचून संपवला.

डेस्मंड तिचा थोरला भाऊ. तेव्हा चार वर्षांचा.
मॉरीन जन्मलीही नव्हती.
तिला तो आठवतो तो लोखंडासकटच:
जिन्यावर आधी खण्ण, मग पाऊल.

बडा घर पोकळ वासा, म्हणतो आपण.
मॉरीनला ही म्हण ठाऊक असायचं कारण नाही.
इथे पोकळ असणं हीच पुण्याई.
पण पोकळीची एक खोड:
आतून धरणारा धागा नसला
की उकाडा सोसत नाही. कवच फुगतं,
शंभरात चार भाग, जेमतेम,
शर्टाचं एक बटण सुटावं तेवढंच.
तेवढ्यात चेहरा बदलतो.
मग शरीर भलत्याच माणसाचा चेहरा घोकून बसतं,
आणि खरा येतो तेव्हा
पहारेकरी त्याला वाट देतात.
चेहऱ्यांना नावं साधी: डी आणि सी.
डी हवा. सी झालं की मुसळ केरात.

पाच वर्षं लुबाबतू याच सांध्याशी भांडते आहे.
साखळीतले दोन मणी बदलले, तर घर उभंच राहिलं नाही.
मग तिसरा बदलला. उभं राहिलं,
आणि चौथ्या दिवशी फ्रिजमध्ये बसल्या बसल्या सी झालं.
त्या संध्याकाळी जिन्यात बसून तिने आईला फोन लावला,
झाम्फाराला.
आई लस वाहते, खांद्यावर निळा डबा, त्यात बर्फ.
आई म्हणाली, बर्फ दुपारच्या नमाजाआधी वितळतो,
पलीकडची चार गावं त्यानंतर लागतात.
तू रडून घे आणि मग बघ.

मॉरीन पाणी तापवत नेते.
सदतीस. पंचेचाळीस. पन्नास. पंचावन्न.
दर पायरीला दोन नळ्या उचलून बर्फात,
एक जुन्या घडणीची, एक लुबाबतूची.
मग ताटलीच्या खळग्यांत थेंब.
तिथे चिकटून बसलेत डीला ओळखणारे,
दुसऱ्या कुणाला भीक न घालणारे.
आता वाट पाहायची. ती एक बिस्कीट खाते
(आत खायला मनाई आहे, म्हणून दारात उभी राहून).

जुनी रांग पंचेचाळीसलाच फिकी.
शेजारची पिवळी. पिवळी. पिवळी.
पंचावन्नलाही, जराशी मळकी, पण पिवळी.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार.
ती चष्मा शोधते, टेबलावर, खिशात, केसांत सापडतो,
सगळी लेबलं पुन्हा वाचते. मग सगळं
पहिल्यापासून पुन्हा करते. उरलेलं बिस्कीट मऊ पडतं.

पावणेसहाला जिन्यावर खण्ण. मग पाऊल.
"अजून किती?" डेस्मंड दारातून विचारतो.
ती काही न बोलता नळी उजेडात धरते.
"आत काय आहे?"
"काही नाही."
आणि हे इतकं खरं आहे
की तिला पुढचं वाक्यच सुचत नाही.
"मग चल की. पार्किंगचे पैसे चढताहेत."

दिवे मालवण्याआधी ती एक नळी
फ्रिजमध्ये ठेवत नाही.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा, मुद्दाम.
खिडकीत, उद्याचं ऊन येईल तिथे,
लेबलवर फक्त: सोमवार.